दिवा न लावता सोडलेलं पाणी

नातीने मला दादरला एका सभागृहात नेलं. तिच्या कामातला कोणी मोठा माणूस बोलणार होता. एसी एवढा लावला होता की मी पदर डोक्यावरून घेऊन बसले. तो माणूस म्हणाला, कॉम्प्युटरचा प्रोग्राम लिहिणं म्हणजे थोडं विज्ञान, थोडी कला आणि थोडी कारागिरी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नातीनेही वाजवल्या. मी हात पदरातच ठेवले.

तो बोलला ते खोटं नव्हतं. पण एवढा वेळ बोलून त्याने एकदाही सांगितलं नाही की तो प्रोग्राम कोणासाठी लिहायचा, आणि कोणी घरी येऊन गोड बोलून म्हणालं की यात एक खोटी ओळ टाक, तर काय करायचं. बाहेर आल्यावर नातीने विचारलं, "कसं वाटलं, आजी?"

"त्याच्या घरी चोवीस तास पाणी येत असणार," मी म्हटलं.

मी कशाबद्दल बोलतेय ते तिला बरोबर कळलं होतं.

मी चौथी पास. कोकणातल्या शाळेत शिकले, लग्न होऊन लालबागला आले आणि याच चाळीत राहिले. गिरणी बंद पडली, नवरा घरी बसला, तेव्हा मी गिरगावात आणि दादरला लग्नाच्या हॉलमध्ये पुरणपोळ्या करायला जायला लागले. दागिने घातलेल्या बायका आत डोकावायच्या आणि आपापसात म्हणायच्या, "यांचं काय, पोळ्याच तर लाटायच्या." मला त्या बोलण्याची चीड होती आणि अजून आहे. पुरण किती आटवायचं ते डाळीवर ठरतं, कणीक किती सैल ठेवायची ते हवेवर. एवढं करून एखादी पोळी तव्यावर फाटली की पुरण जळून तव्याला चिकटतं आणि पुढच्या पोळ्यांना डाग पडतात. त्या बायकांना ताटातली पोळी दिसायची. तवा घासताना कोणी बघायला येत नव्हतं.

नातीला वरळीच्या ऑफिसात नोकरी लागली तेव्हा चाळीत तेच सुरू झालं. "मजा आहे पोरीची. खुर्चीत बसायचं आणि बटणंच तर दाबायची." आठवड्यातले काही दिवस ती घरूनच काम करते, तर म्हणे घरीच असते, दळण आणायला काय होतं तिला? माझ्या पोळ्या निदान लोक खात होते. तिचं काम कोणाला दिसतच नाही. जे दिसत नाही ते फुकट आणि सोपं, असा लोकांचा हिशेब.

आमच्या पाण्याचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. चाळ चार मजल्यांची, तळाला दुकानं. आम्ही अगदी वर. पालिकेचं पाणी पहाटे खालच्या टाकीत पडतं, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि तिथून एकेका मजल्याच्या पाईपने खाली उतरतं. खालच्यांना जोर मिळतो. सगळे पाईप एकदम उघडले तर तळाचे लोक स्कूटर धुतात आणि आमच्या नळातून नुसता वारा येतो. म्हणून एकेका मजल्याला सकाळ-संध्याकाळ आळीपाळीने पाणी सोडावं लागतं. त्यासाठी एक चावीवाला होता. जो चहा पाजेल त्याचं पाणी लांबायचं. तळाला फरसाणचं दुकान आहे, तिथून त्याला रोज चिवड्याची पुडी मिळायची, आणि त्या दुकानाचं पाणी कधी बंद झालेलं मी पाहिलं नाही. दुकानाचा मालकच आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. बोलणार कोण?

चावीवाला गावी गेला तो परत आलाच नाही. मग रोज पहाटे गच्चीवर भांडणं. एकीने दुसरीची कळशी खाली फेकली तेव्हा बायका माझ्या नातीकडे आल्या. "तू कॉम्प्युटरची ना? कर काहीतरी. पण असं कर की ते कोणाचं म्हणजे कोणाचं ऐकणार नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा.

पोरीने मनावर घेतलं. आधी ती पहाटे गच्चीवर उभी राहायला लागली. टाकी भरायला किती वेळ लागतो, कोणत्या मजल्यावर बादली किती वेळात भरते, सगळं बघून आली. मग वही घेऊन घरोघर गेली. कोणाकडे लहान मूल आहे, कोण पहाटे कामाला निघतं, कोणाची सासू अंथरुणाला खिळलीय. सोसायटीने विजेवर उघडणारे व्हॉल्व्ह आणून दिले. टाकीजवळ एक करड्या रंगाची पेटी बसली आणि नात तिचा प्रोग्राम लिहायला बसली.

ती लिहायची ते मी कॉटवर बसून बघायची. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण माणूस काम कसं करतो ते बघायला भाषा लागत नाही. एका संध्याकाळी तिने लिहिलेलं बरंचसं पुसून टाकलं.

"चालत नाही काय गो?"

"चालतं."

"मग पुसतेस कशाला?"

"गचाळ लिहिलंय. उद्या मी नसले आणि दुसऱ्या कोणी यात हात घातला, तर त्याला कळायचंच नाही कुठून काय येतंय."

"कोणाला दिसणार आहे ते?"

"मला दिसतंय ना."

मी उठले. चहा ठेवला. एवढं खरं की त्यानंतर मी तिला दळण आणायला सांगितलं नाही.

पेटी सुरू झाली आणि आमच्या नळाला पहिल्यांदा धार आली. चाळीच्या सत्यनारायणाला सेक्रेटरीने माईक घेतला आणि म्हणाला, "आपल्या पोरीने गंमत म्हणून छान खेळणं बनवलंय, टाळ्या वाजवा." गंमत! महिना महिना पोर पहाटे उठली, ऑफिस सांभाळलं, ती गंमत. मी तिथेच म्हटलं, "खेळणं तर मग तू आंघोळ करू नको त्याच्या पाण्याने." बायका हसल्या. तोही हसला. त्याला कशाचंच काही वाटत नाही, हीच त्याची ताकद.

मग उन्हाळ्यात तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा गेले. पाणीकपात चालू होती, सगळ्यांची पिंपं तळाला गेलेली. आमच्या चाळीत रीत अशी की मयताला गेलेली माणसं परत आली की त्या मजल्याचा नळ सोडायचा, वेळ असो नसो. चावीवाला कितीही लबाड, पण मयताचं कळलं की न विचारता वर पळायचा. आणि प्रत्येक घरातून एक हंडा त्या घरच्या पिंपात जायचा. हे कोणी कोणाला सांगत नाही. आंघोळीशिवाय माणसं घरात पाऊल टाकणार कशी?

दुपारी स्मशानातून माणसं आली आणि गॅलरीत उभी राहिली. नळ सोडला तर कोरडा. गच्चीवर टाकीत पाणी होतं. पण पेटीत लिहिलेलं की आता वेळ नाही, म्हणून पेटी गप्प. जुन्या चाव्या काढून टाकलेल्या. नात ऑफिसात, तिला फोन केला तर ती म्हणाली, मी इथून उघडू शकत नाही, तुम्हीच सांगितलं होतंत कोणाचं ऐकायचं नाही म्हणून. खरंच होतं ते. पण ते खरं घेऊन काय करायचं होतं? आजोबांचा थोरला मुलगा उघड्या अंगाने, ओल्या डोळ्यांनी नळाकडे बघत उभा. शेवटी बाजूच्या चाळीतून बादल्या मागून आणल्या. दुसऱ्यांच्या दारात मयताचं पाणी मागायचं! आजोबांची बायको दारात बसली होती, तिने हे सगळं पाहिलं.

नात घरी आली तेव्हा मी तिला चपला काढू दिल्या नाहीत. "शिरा पडली तुझ्या त्या पेटीवर. एवढं विचारत फिरलीस घरोघर, मयताचं विचारलं नाहीस?"

"कोणी सांगितलं नाही, आजी."

"मयत काय सांगायची गोष्ट आहे? घरात माणसं आहेत म्हणजे मरणारच."

ती दारातच बसली आणि रडायला लागली. मी म्हटलं, "रडू नको. आधी खाली जाऊन त्या म्हातारीला भेट, मग ते नीट कर." ती गेली. म्हातारीने तिला काय सांगितलं मला माहीत नाही. परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि तिने वही न घेता नुसता प्रश्न विचारला.

"मयत झालं हे पेटीला कोण सांगणार?"

"कोणीही."

"आणि खोटं सांगितलं तर? पाण्यासाठी?"

"चाळीत मयताचं खोटं कोण सांगेल? सगळे बाहेर येऊन बघणार नाहीत का, कोण गेलं म्हणून?"

ती माझ्याकडे बघत राहिली. पुढे किती दिवस ती जेवतानासुद्धा कुठेतरी बघायची. मग तिने जे केलं ते मला अजून आवडतं, म्हणून सांगते. प्रत्येक मजल्याच्या गॅलरीत एक बटण बसवलं. कुलूप नाही, किल्ली नाही, कोणीही दाबावं. दाबलं की त्या मजल्याला पाणी येतं आणि सगळ्या मजल्यांवर लाल दिवा लागतो. अवेळी पाणी सोडलं, कोणत्याही पाईपला, की दिवा लागणारच. आणि ते पाणी सगळ्यांच्या संध्याकाळच्या पाण्यातून थोडं थोडं कापलं जातं. आम्ही हंडा देत होतो, तेच. तिने ते पेटीला शिकवलं. त्या दादरच्या माणसाची ती तीन नावं आहेत ना, ती याला खुशाल लावा.

दिवा लागायला लागला. एकदा कोणाच्या घरी बाळंतीण आली तेव्हा, एकदा स्वयंपाकघरातली आग विझवायला. दोन्ही वेळा लोक बाहेर आले, बघितलं, त्या घराला पाणी पुरावं म्हणून आपापला नळ बंद केला.

आणि मग सेक्रेटरी घरी आला. हातात चिवड्याची पुडी.

"काय म्हणते आमची इंजिनीअर? एक छोटं काम होतं. दुपारी भट्टी असते ना आमची, भांड्यांना पाणी पुरत नाही. दुपारी थोडा वेळ खालचा पाईप सोडत जा."

"काका, मीटिंगमध्ये मांडा. सगळे हो म्हणाले तर सोडते."

"एवढ्यासाठी मीटिंग? एक ओळ तर टाकायची."

"दिवा लागेल ना."

"तेच म्हणतोय मी. तो दिवा तेवढा लागायला नको."

मी मटार सोलत होते. म्हटलं, "काय मेल्या, अंधारात पाणी पिणार काय?"

"मावशी, तुम्ही कशाला टेन्शन घेता? हे कॉम्प्युटरचं आहे." आणि उठता उठता माझ्या मुलाला म्हणाला, "तुमच्या खोलीचं नावाचं बघायचं आहे हां. बिल्डर येईल तेव्हा धावपळ नको."

सोसायटीच्या कागदांवर आमची खोली अजून माझ्या नवऱ्याच्या नावावर आहे. तो जाऊन किती वर्षं झाली. मुलाच्या नावावर करायची तर सेक्रेटरीची सही लागते. चाळ पडून टॉवर होणार, अशी बोलणी चालू आहेत, आणि नाव नसलेल्याला बिल्डर दारात उभं करत नाही, असं सगळे म्हणतात. एवढं सगळं त्याने एका वाक्यात सांगितलं आणि चिवडा ठेवून गेला.

मुलगा माझा वाईट नाही, घाबरट आहे. तो पोरीला म्हणाला, "काय फरक पडतो? पाणीच मागतोय, दागिने नाही."

"बाबा, मग दिवा लावूनच घेऊ दे ना."

"तू आम्हाला रस्त्यावर आणणार आहेस का?"

"तिला कशाला भीती घालतोस?" मी म्हटलं.

"आये, तू मधे पडू नको. तुला टॉवरमध्ये राहायचं नसेल, आम्हाला राहायचंय."

नात लॅपटॉप घेऊन आत गेली. मला वाटलं विषय संपला.

माझी दुपारची जागा गॅलरीत, पाईपांच्या खाली. तिथे वारा येतो. भाजी निवडायची, शेंगा सोलायच्या. एका दुपारी डोक्यावरचा पाईप वाजायला लागला. तळाला जाणारा तो जाड पाईप, पाणी उतरलं की घशात कफ अडकल्यासारखा घरघरतो. मी वर पाहिलं. दिवा बंद. वाटलं बल्ब गेला असेल. दुसऱ्या दिवशी तसंच. त्यानंतरही तसंच.

नात संध्याकाळी आली तेव्हा मी एवढंच म्हटलं, "पाईप वाजतो. दिवा लागत नाही."

तिने बॅग खुंटीला लावली. खूप वेळ लावली.

"बाबांनी सांगितलं."

"बाबाने पेटीत लिहिलं?"

"एकच ओळ आहे, आजी."

"एकच पोळी फाटते. तवा सगळ्यांचा खराब होतो."

"तुला काय कळतं कोडमधलं?" ती ओरडली. ती माझ्यावर कधी ओरडत नाही. "ती ओळ सहज नाही लिहिली मी. दुसऱ्या कोणी उघडून बघितलं तरी सापडणार नाही अशी लिहिलीय. टाकी धुण्याच्या कामात घातलीय. दिव्याला कळूच नये म्हणून सगळं पुन्हा मांडावं लागलं मला!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे चोरीसुद्धा नीटनेटकी. बादल्यांचं गणित त्यात, सुबकपणा त्यात, हाताची सफाई त्यात. पहाटे उठून जे जे कमावलं ते सगळं त्या एका ओळीला लावलेलं. दादरच्या माणसाने टाळ्या वाजवल्या असत्या.

"एकाला पाणी दिलंस ते सोड," मी म्हटलं. "तू दिव्याला खोटं बोलायला शिकवलंस. उद्या तो बंद दिसला की मी काय समजायचं?"

मुलगा टीव्हीचा आवाज वाढवून बसला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सून म्हणाली, "आई, दोन घास खा." सुनेचा काही दोष नव्हता, म्हणून तिच्यावर ओरडले नाही. दोन दिवस वाट बघितली, पोर स्वतःहून काढेल म्हणून. तिने काढली नाही. दुपारी पाईप वाजायचा आणि ती घरी असली तर पंखा मोठा करायची.

तिसऱ्या दुपारी पाईप वाजला. मी शेंगांचं सूप खाली ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठले आणि भिंतीवरचं बटण दाबलं.

सगळ्या मजल्यांवर लाल दिवे लागले. दारं उघडली. "कोण गेलं? कोण गेलं?" खालून, बाजूने बायका धावल्या. कोणाच्या हाताला पीठ, कोणाच्या डोळ्यांत झोप. तिसऱ्या मजल्यावरची ती म्हातारी, आजोबांची बायको, भिंत धरून जिना चढून आली. "काय झालं गो? कोण?"

"कोण नाही गेलं," मी म्हटलं. "पाईपाला कान लावा."

"आजी, तुम्ही उगाच दाबलं?" दुसऱ्या मजल्यावरची सून कडाडली. "आमचं संध्याकाळचं पाणी कापलं जाईल ना! माझ्याकडे पाहुणे आहेत!"

"मला शिव्या दे. पण आधी कान लाव."

एकीने लावला. मग दुसरीने. "हा तर तळाचा पाईप. आता कुठे वेळ आहे याची?"

"रोज येतंय," मी म्हटलं. "बिनदिव्याचं."

सेक्रेटरी धापा टाकत वर आला, हाताला बेसन. "मावशी, बटण काय खेळायचं आहे? लोकांना घाबरवता!" मग त्याने सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि आवाज मऊ केला. "पेटीत बिघाड झाला असेल. मशीन आहे, चुकतं कधी कधी. करून घेऊ दुरुस्त."

नात त्या दिवशी घरून काम करत होती. ती दारात येऊन उभी राहिली होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. सेक्रेटरीने तिच्यासाठी दार उघडून ठेवलं होतं: मशीन चुकलं. कोणीही विश्वास ठेवला असता. मशीन काही उलट बोलायला येत नाही. मुलगा तिच्या मागे उभा होता, त्याने तिच्या खांद्याला हात लावला, आत चल म्हणून.

"मशीन चुकलेलं नाही, काका," ती म्हणाली. "मी लिहिलंय तसंच चाललंय."

गॅलरीत आवाज बंद झाला. मग एकदम सुरू झाला. मी त्या शिव्या इथे लिहीत नाही. सेक्रेटरीला कमी पडल्या आणि माझ्या नातीला जास्त. "तुझ्यावर विश्वास टाकला ना गो आम्ही," कोणीतरी म्हणालं, आणि ते शिव्यांपेक्षा वाईट होतं. मी मधे पडले नाही. तिच्या वाट्याचं होतं ते. मला राग होता तो वेगळाच, की ज्याने पाणी घेतलं तो बेसनाचे हात पुसत गुपचूप जिना उतरत होता आणि सगळ्यांची तोंडं पोरीकडे होती. मी ओरडले, "ए सेक्रेटरी, उतरतोस कुठे? चल गच्चीवर." तो थांबला नाही.

नात लॅपटॉप घेऊन गच्चीवर गेली. बायका मागून गेल्या. मीही गेले, सुनेचा हात धरून. टाकीच्या सावलीत तिने लॅपटॉप मांडीवर घेतला, पेटीला वायर लावली आणि सगळं पहिल्यापासून मराठीत वाचायला लागली.

"हा पहाटेचा पंप. हा तळमजला. हा वरचा मजला, इथे जोर कमी म्हणून वेळ जास्त. इथे बटण. बटण दाबलं की सगळ्यांच्या संध्याकाळच्या पाण्यातून थोडं थोडं घ्यायचं."

"म्हणजे आमचा हंडा," म्हातारी म्हणाली.

"हो. तुमचा हंडा."

"पुढे वाच."

"इथे लिहिलंय, टाकी धुण्यासाठी पाणी सोडायचं, तेव्हा दिवा लावू नये." तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. "टाकी धुतली जात नाही. हे पाणी दुकानात जातं. ही ओळ माझी."

"पूस," म्हातारी म्हणाली.

तिने पुसलं. आजूबाजूचंही बरंच पुसलं, कारण ती खोटी ओळ बसवायला तिने चांगल्या ओळी सरकवल्या होत्या, त्या परत जागेवर लावाव्या लागल्या. बायका बसून राहिल्या. कोणी म्हणालं नाही की बटणंच तर दाबायची. ऊन उतरलं तेव्हा तिने मुद्दाम तळाचा पाईप सोडून दाखवला. खालून पोरं ओरडली, "लागला! दिवा लागला!"

पुढे सगळं गोड झालं नाही. दुसऱ्या मजल्यावरची सून अजून नातीशी बोलत नाही. पेटीत काहीही बदलायचं असलं की बायका गच्चीवर जमतात आणि नातीने आधी वाचून दाखवायचं, असं ठरलंय. म्हातारी सगळ्यांत पुढे बसते आणि कळलं नाही की पुन्हा वाचायला लावते. सेक्रेटरी अजून सेक्रेटरीच आहे. त्याला काढायला कोणी उभं राहिलं नाही, कारण सह्या सगळ्यांनाच हव्यात. या गोष्टीची मला रोज चीड येते. दुकानासाठी आता तो टँकर मागवतो आणि भेटला की म्हणतो, "मावशी, तुमचे कागद बघतोय." मी म्हणते, "बघ. डोळे फुटेपर्यंत बघ."

खोली अजून माझ्या नवऱ्याच्या नावावर आहे. मुलगा त्यावरून पोरीशी तुटक बोलतो, आणि त्याची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. टॉवर झाला आणि आम्हाला दारात उभं केलं नाही तर ते त्या एका पुसलेल्या ओळीमुळे असेल. नातीला हे माहीत आहे. तरी तिने ती ओळ परत टाकलेली नाही.

दुपारी मी अजून पाईपांखालीच बसते. परवा ती घरी होती. बाहेर येऊन म्हणाली, "अजून माझ्यावर विश्वास नाही ना तुझा?"

"नाही," मी म्हटलं.

ती हसली नाही, रुसलीही नाही. खाली बसली, सुपातल्या निम्म्या शेंगा आपल्याकडे ओढल्या आणि सोलायला लागली. पाईप गप्प होता. शेंगा संपल्या तरी आम्ही दोघी तिथेच बसलो होतो, कान वर लावून.